आडनाव काय म्हणालात?

'घर किरायाने देणे आहे.' नागपूरच्या वस्त्यांतून हिंडताना ही पाटी आम्ही इतक्यांदा वाचली आहे, की तिच्याखालची न लिहिलेली ओळही आता आम्हाला पाठ झाली आहे.

आम्ही राहतो कळमेश्वरला आणि शिकवतो उर्दू माध्यमाच्या शाळेत. घरात अब्बा, अम्मी, भाईजान, भाभी, त्यांची तीन मुले आणि आम्ही नवरा-बायको, अशी नऊ माणसे. थोरल्या पुतणीला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. अब्बांनाही दर आठवड्याला नागपूरच्याच दवाखान्यात न्यावे लागते. म्हणून काटोल रोडच्या बाजूला पाच खोल्यांचे घर शोधायला निघालो. एक घर पसंत पडले. किराया ठरला, डिपॉझिट ठरले. घरमालक खूश होऊन म्हणाले, "मराठी तर मस्त आहे जी सर तुमची! आडनाव काय म्हणालात?" आम्ही सांगितले. तेव्हा त्यांना एकदम आठवले, की घर पुतण्याला कबूल केले आहे. पुढे महिनाभर पाटी तिथेच लटकत होती.

असे सात ठिकाणी झाले. कारणे मात्र तीनच.

पहिले कारण खाण्यापिण्याचे. जो स्वतः शाकाहारी आहे आणि सर्वच किरायेदारांना ती अट घालतो, त्याच्याशी निदान बोलता तरी येते. पण ज्या शहराला आपल्या सावजी रश्श्याचा अभिमान आहे, तिथे मटणाचे कारण नेमके आमच्याच दारी का आठवावे?

दुसरे कारण मोठ्या कुटुंबाचे. पाच खोल्यांत नऊ माणसे म्हणजे काही जत्रा नव्हे. आई-वडील आणि भाऊ-भावजया एका छपराखाली राहिले, की इतरांच्या बाबतीत ते एकत्र कुटुंबाचे संस्कार होतात. आमच्या बाबतीत तोच पसारा ठरतो. असे कसे?

तिसरे कारण सर्वांत प्रामाणिक: घर माझे, मर्जी माझी. कायदाही दुर्दैवाने याच बाजूला झुकतो. संविधानाच्या 15व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव सर्वांना खुले केले. त्यात किरायाच्या घराचे नाव नाही. महाराष्ट्राचा 1999 चा भाडे नियंत्रण कायदा करार लेखी करा, त्याची नोंदणी करा, असे बजावतो. धर्म वा जात पाहून घर नाकारू नका, असे कुठे म्हणत नाही. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. तोही याबाबत गप्प आहे. 2005 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. पुढच्याच वर्षी सच्चर समितीने नोंदवले, की मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर विकत वा किरायाने मिळणे कठीण होत चालले आहे. आधी दारे लावून घ्यायची आणि मग विचारायचे, 'तुम्ही लोक एकाच मोहल्ल्यात का कोंबून राहता?'

हे दुःख एकट्या मुसलमानांचे नाही. 1917 मध्ये परदेशातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून ते पारशी धर्मशाळेत उतरले. तिथूनही त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. विद्वत्ता कामी आली नाही, जात आडवी आली. त्याच बाबासाहेबांनी 1956 साली ज्या शहरात धम्मदीक्षा घेतली, त्या शहरात आजही आडनाव विचारून कुलूप उघडते, ही लाजेची गोष्ट आहे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. आमच्या मोहल्ल्यातले घरमालक काय वेगळे आहेत? बिरादरी कोणती, जमात कोणती, मसलक कोणता, हे विचारल्याशिवाय तेही किल्ली काढत नाहीत. दलित किरायेदार आला, तर त्यांच्याही पुतण्याला अचानक घर लागते. एकटी नोकरदार बाई आली, तर तिच्या चारित्र्याची चौकशी सुरू होते. जुम्म्याच्या बयानात शेजाऱ्याचे हक्क ऐकायचे आणि घरी येऊन शेजारी निवडून घ्यायचा, हे चालणार नाही. दुसऱ्याकडे न्याय मागणाऱ्याने आधी आपल्या दाराची कडी काढावी.

आमची मागणी साधी आहे. राज्याच्या भाडे कायद्यात एक कलम घाला: किरायाने द्यायला काढलेले घर धर्म, जात, बिरादरी पाहून नाकारता येणार नाही. घरमालकाने किरायाची ऐपत पाहावी, ओळखपत्र पाहावे, पोलिसांत नोंद करावी. याला आमची ना नाही. आडनाव करारावर लिहायला विचारा, दार लावायला नको.

आम्ही अजून कळमेश्वरलाच आहोत. पुतणी रोज बसने जाते-येते. वाटेत तिलाही त्या पाट्या दिसतात. ज्यांना आमचे म्हणणे पटत नाही, त्यांनी निदान एवढे करावे: पाटीवरची उरलेली ओळही ठळक अक्षरांत लिहावी. लिहायला हात धजत नसेल, तर का धजत नाही याचा विचार करावा.