उशिरा पोचलेलं हसू

जसपाल भट्टींच्या ‘फ्लॉप शो’चे भाग फक्त दहा. 1989 साली ते दूरदर्शनवर आले आणि संपलेही. मध्यंतरी माझ्या भाच्यानं त्यातला एक भाग मला मोबाइलवर पाठवला. भाचा पीएच.डी. करतो आहे आणि तो भाग नेमका गाइडवरचा होता. विद्यार्थी प्रबंध बाजूला ठेवून गाइडच्या घरची कामं करत असतो, तो. भाच्याचा निरोप असा, की मामा, कोणीतरी आमच्यावर भारी काहीतरी केलंय, बघाच. हा कार्यक्रम त्याच्या जन्माच्या आधीचा आहे आणि तो करणारा माणूस आज हयात नाही, हे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प झाला. मग त्यानं उरलेले नऊ भागही शोधून पाहिले.

हे दहा भाग माझ्या मनात इतकी वर्षं का टिकले, याचा मी बराच विचार केला आहे. भट्टी मुळात इंजिनिअर. चंदीगडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी ‘नॉन्सेन्स क्लब’ काढला आणि पथनाट्यं केली. पुढं ‘ट्रिब्यून’मध्ये व्यंगचित्रं काढली. मग दूरदर्शनच्या सकाळच्या प्रसारणात ‘उल्टा पुल्टा’ नावाचे छोटे तुकडे आले आणि त्यानंतर ‘फ्लॉप शो’. निर्मिती पत्नी सविता भट्टींची, सोबत विवेक शौकसारखा हुकमी नट. सेट साधे, खर्च बेताचा. प्रत्येक भागात एकच विषय: टेलिफोन, डॉक्टर, ठेकेदार, औषधोपचाराची खोटी बिलं. शेवटी एखाद्या सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर त्याच विषयावरचं विडंबन.

त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते भट्टींचं तोंड. ते हसत नाहीत आणि हसवायला आलो आहोत असं दाखवतही नाहीत. खोटं बिल मंजूर करून घेणारा माणूस ते इतक्या शांतपणे उभा करतात, की हे गैर आहे याचा त्या माणसाला पत्ताच नसावा. विनोद सगळा कागदाच्या प्रवासात असतो: अर्ज, शिक्का, सही, पुन्हा अर्ज. तालुक्याच्या कचेरीत दाखल्यासाठी ज्यानं कधी दुपार घालवली आहे, त्याला या विनोदाची फोड करून सांगावी लागत नाही. 1989 साली फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, पण अर्जाची ती वाट काही संपलेली नाही. म्हणून ते भाग अजून ताजे लागतात.

भट्टींचा शेवटचा सिनेमा ‘पॉवर कट’, विषय वीज जाण्याचा. त्याच्या प्रचारासाठी फिरत असताना 25 ऑक्टोबर 2012 ला जालंधर जिल्ह्यात त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि ते गेले. सिनेमा दुसऱ्याच दिवशी लागला. पद्मभूषण जाहीर झालं ते 2013 मध्ये, मरणोत्तर. आमच्या चंद्रपुरात 2920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. चिमण्यांची राख आम्ही अंगावर घेतली आणि भारनियमनाच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांनी अंधारही पाहिला. त्या विषयावर सिनेमा काढणारा माणूस मला दूरचा कसा वाटेल?

मात्र उशिरा का होईना, दाद मिळायची तर आधी ती वस्तू शिल्लक राहावी लागते. बीबीसीवर साठच्या दशकात पीटर कुक आणि डडली मूर यांचा छोट्या प्रहसनांचा एक कार्यक्रम खूप गाजला होता. तरी त्याच्या बऱ्याचशा टेप पुढं पुसल्या गेल्या. नव्या टेपचा खर्च आम्ही देतो, जुन्या ठेवा, असं खुद्द कलावंतांनी सांगूनही ऐकलं गेलं नाही. आपल्याकडंही टेप महाग होती. एक कार्यक्रम पुसून तिच्यावर दुसरा उतरवायची पद्धत होती. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. विनायक चासकरांचा ‘गजरा’ हा मराठीतला छोट्या प्रहसनांचा पहिला मोठा संसार. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ त्याच काळातले. ज्यांनी तो काळ पाहिला, ते आजही त्याबद्दल भरभरून बोलतात. त्यातलं पाहायला मात्र फार थोडं उरलं आहे.

मुंबई-पुण्याची माणसं ‘गजरा’चं नाव काढून हळवी होतात तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो, कारण आम्ही तो पाहिलाच नाही. मुंबईचं प्रक्षेपण पुण्यापर्यंत यायचं. नागपूरला दूरदर्शन केंद्र आलं 1982 मध्ये. आमच्या कौलांवर बांबूला बांधलेले अँटेना चढले, तेव्हा त्यांना सापडायची ती दिल्ली. एक पोट्टा वर कौलांवर, एक अंगणात आणि एक टीव्हीसमोर. ‘आलं का जी?’ ‘थोडं डावीकडं... गेलं!’ त्या मुंग्या-मुंग्यांच्या पडद्यावर आम्ही भट्टींना पाहिलं, साऱ्या देशाबरोबर, एकाच वेळी. ‘गजरा’तले वाचलेले तुकडे दिसले ते फार नंतर, मोबाइलवर. जुन्या प्रेक्षकांना त्यात त्यांची संध्याकाळ परत भेटते. आम्हाला ती पहिल्यांदाच भेटली. त्यामुळं कोणी ‘जुन्या कार्यक्रमाला नव्यानं दाद’ असं लिहिलं, की मी थबकतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसानं ती दाद उशिरा दिली याचं कारण त्याच्या रसिकतेत शोधू नये. ते प्रक्षेपणाच्या मनोऱ्यात आहे.

आणि याचीच उलट बाजू अधिक दुखते. आमचं हसू तरी तिकडं कुठं पोचलं?

धान कापून झालं, की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नाटकांचा हंगाम लागतो. मंडईची जत्रा, शंकरपटाच्या बैलशर्यती, पाहुण्यांनी भरलेली घरं आणि रात्री नाटक. देसाईगंज, म्हणजे आमचं वडसा, हे या धंद्याचं ठाणं. नाट्यमंडळांची कार्यालयं तिथं, तारखा तिथंच ठरतात. नाटक रात्री उशिरा उघडतं ते पहाटेपर्यंत चालतं. या नाटकांच्याही आधीपासून आमच्याकडं दंडार हे लोकनाट्य आहे आणि तिच्यातली सोंगं आहेत. सोंग म्हणजे एक वेश, एक प्रसंग, दहा-पंधरा मिनिटांचा धुमाकूळ, की लगेच पुढचं. टीव्हीवाल्यांना प्रहसनाची ही जात फार नंतर सापडली.

एकदा ब्रह्मपुरीकडच्या एका गावात मी रंगमंचामागं बसलो होतो. विनोदी नटाचा प्रवेश दुसऱ्या अंकात होता. तोवर त्यानं गावातल्या दोन पोरांना जवळ बसवून घेतलं. सरपंच कोण, कोणाची बैलजोडी शंकरपटात पडली, पाण्याची टाकी बांधून तशीच पडली आहे का, कोण नवीन मोटारसायकल घेऊन मिरवतो आहे, असं एकेक विचारत गेला. कागद नाही, पेन नाही. चहा संपला, मिशी चिकटवली आणि गेला. पाचव्या मिनिटाला टाकीचा विषय अशा बेतानं आला, की पुढच्या खुर्चीतले सरपंच स्वतः डोळे पुसत हसत होते. त्या रात्री जे झालं ते संहितेत नव्हतं आणि दुसऱ्या गावात ते पुन्हा व्हायचंही नव्हतं. दहा भागांचा कार्यक्रम अल्पायुषी म्हणतात. हा विनोद एका रात्रीचा.

गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या नटाला 2023 साली पद्मश्री मिळाली. आठशेच्या आसपास नाटकं, पाच हजारांच्या आसपास प्रयोग. बातमी आली तेव्हा राज्यभरच्या कितीतरी लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडं मात्र त्यांच्या प्रवेशाला दाद देणाऱ्यांच्या तीन पिढ्या होत्या. मला त्या पद्मश्रीचा मनापासून आनंद झाला. पण खुण्यांचा चढता काळ होता तेव्हा समोर कंदील होते, पेट्रोमॅक्स होते, नंतर ट्यूबलाइट आल्या; कॅमेरा नव्हता. माझ्या भाच्याला भट्टींचे नऊ भाग एका रात्रीत सापडले. खुण्यांचा तरुणपणचा एखादा प्रवेश त्याला दाखवायचा, तर मी कुठं बोट दाखवू?

‘चला हवा येऊ द्या’नं भारत गणेशपुरेंच्या तोंडून वऱ्हाडी घराघरांत नेली. हे चांगलंच झालं. झाडीपट्टीच्या आमच्या झाडीबोलीला तसा पडदा अजून मिळालेला नाही. ती वऱ्हाडीपेक्षा निराळी आहे, तिचे हेल निराळे आहेत आणि हसण्याच्या जागाही निराळ्या आहेत. टीव्हीवर जाताना तिला घासूनपुसून गुळगुळीत केलं जाईल, ही भीती मला आहे. तरीही ती तिथं जावी असंच वाटतं.

आता पोरं मोबाइलवर नाटकं उतरवतात. बरीचशी नाचगाणी उतरतात, कारण त्यांना लगेच पाहणारे मिळतात. विनोदी नट आला, की मोबाइल खाली जातात, कारण दोन्ही हात टाळ्यांना लागतात. वडशाच्या मंडळांना माझं आर्जवाचं सांगणं आहे, की यंदाच्या हंगामात विनोदी नटाच्या प्रवेशापुरता तरी एक चांगला कॅमेरा तिपाईवर लावा आणि आवाज भोंग्यावरून न घेता थेट माइकवरून घ्या. खाली गावाचं नाव आणि तारीख लिहा. टाकी कुठल्या गावची होती, हे पुढं पाहणाऱ्याला कळायला हवं.