रुळांची दिशा बंदराकडे

कॅनडातील टोरांटोहून आगगाडीत बसावे आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण भागापर्यंत जमिनीवरूनच जावे, असा बेत कोणी आखू म्हणेल, तर त्याचा आरंभ उत्साहाने होईल आणि लवकरच त्याची निराशा होईल. टोरांटोहून व्हँकूव्हरला जाणारी गाडी ४,४६६ किलोमीटरांचे अंतर चार रात्रींत कापते. पुढे सिॲटल व लॉस एंजेलिसमार्गे मेक्सिकोच्या सीमेला खेटून असलेल्या एल पासोपर्यंत रुळांवरून जाता येते. मात्र या शेवटच्या टप्प्याची गाडी आठवड्यातून तीनदाच सुटते. रूळ बहुतांशी मालवाहतूक कंपन्यांच्या मालकीचे आहेत. त्यामुळे प्रवासी गाडीला कायद्याने अग्रक्रम असूनही प्रत्यक्षात तिला मालगाडीसाठी ताटकळावे लागते.

एल पासोच्या पुढे बसला शरण जावे लागते. चिवावाहून लोस मोचिसपर्यंत डोंगरातून जाणारी गाडी टिकून आहे. ग्वाटेमालातील रेल्वे २००७ साली बंद पडली. निकाराग्वाने १९९०च्या दशकात रेल्वे मोडीत काढली. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये दारिएनचे सुमारे शंभर किलोमीटरांचे अरण्य आहे. तेथे रूळ तर नाहीतच, सडकही नाही. इक्वेडोरच्या सरकारने २०२० साली आपली रेल्वे कंपनी विसर्जित करण्याचा निर्णय घेतला. बोलिव्हियातील पूर्वेकडील व पश्चिमेकडील लोहमार्ग आजही एकमेकांना जोडलेले नाहीत. पॉल थेरू या लेखकाने असाच प्रवास करून १९७९ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. पण पनामाहून कोलंबियात जाण्यासाठी त्यालाही विमानच घ्यावे लागले होते. त्याने वापरलेल्या अनेक गाड्या आज अस्तित्वात नाहीत.

वस्तुतः हे दोन खंड लोहमार्गाने जोडण्याची कल्पना नवी नाही. १८८९-९० साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या अमेरिकी राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेने ती उचलून धरली, आयोग नेमला आणि डोंगरदऱ्यांतून पाहण्याही करविल्या. अँड्र्यू कार्नेगींसारखा धनाढ्य उद्योगपती या योजनेचा पुरस्कर्ता होता. तरीही ती सिद्धीस गेली नाही. अपयशाचे खापर सहसा दारिएनच्या दलदलीवर फोडले जाते. तथापि ज्या काळात अँडीज पर्वतात ४,७०० मीटरांहून अधिक उंचीवर बोगदा खोदून रूळ टाकले गेले, त्या काळाला दलदल अजिंक्य होती असे मानणे कठीण आहे. खरे कारण अर्थशास्त्रीय आहे.

अँडीजमधील तो मार्ग पेरूच्या खाणींतील धातू कायाओ बंदराकडे आणण्यासाठी बांधला गेला. त्याचा कंत्राटदार हेन्री मेग्ज. त्याचाच भाचा मायनर कीथ याने कोस्टारिकाची राजधानी लिमोन बंदराशी जोडली. १८८४ च्या करारान्वये त्याला ८ लाख एकर जमीन आणि रेल्वेचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळाला. रुळांच्या कडेने त्याने केळीच्या बागा उठविल्या आणि त्यांतूनच पुढे १८९९ साली युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. अर्जेंटिनाचे लोहमार्ग पंख्याच्या काड्यांप्रमाणे ब्युनोस आयर्सकडे येतात, तेही गहू व मांस जहाजांवर चढविण्यासाठीच. सारांश, रूळ खाणीपासून वा मळ्यापासून बंदरापर्यंत गेले; शेजारच्या देशाकडे ते गेले नाहीत, कारण शेजाऱ्याशी व्यापारच अल्प होता. ज्याने त्याने आपापल्या सोयीची रुळांची रुंदी निवडली. मेक्सिकोची १,४३५ मिलिमीटर, तर ग्वाटेमालाची ९१४. गाडी सीमेवर अडली ती यामुळे.

केळी, शिसे वा गहू यांची वाहतूक मालमोटारींकडे वळली, तेव्हा अशा रेल्वेचा आधारच निखळला. त्यात १९९०च्या दशकातील खासगीकरणाची भर पडली. अर्जेंटिनाच्या केंद्र सरकारने १९९३ साली दूरच्या प्रवासी गाड्यांची जबाबदारी प्रांतांवर ढकलली. बहुतेक प्रांतांना ती पेलली नाही. मेक्सिकोने १९९५ साली घटनादुरुस्ती करून रेल्वे खासगी कंपन्यांना खुली केली. मालवाहतूक सुधारली, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रवासी गाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या. कंपनीच्या ताळेबंदात उतारूला स्थान नव्हते.

त्याची किंमत कोण मोजतो? हौशी पर्यटक विमानाने जाईल. परंतु हा मार्ग आज ज्यांचा आहे, ते हौशी नाहीत. २०२३ या एका वर्षात पाच लाखांहून अधिक माणसांनी दारिएनचे अरण्य पायी ओलांडले. त्यांत काही भारतीयही होते. पुढे मेक्सिकोत स्थलांतरितांनी मालगाड्यांच्या टपांवर बसून उत्तर गाठण्याचा प्रयत्न केला. त्या गाडीला त्यांनी ‘ला बेस्तिया’, म्हणजे ‘श्वापद’, असे नाव दिले. तिच्यावरून पडून कित्येकांनी हातपाय गमावले, कित्येकांनी प्राण. त्यांच्या स्थलांतराचे मूळ रेल्वेच्या अभावात नाही, हे खरे. पण रूळ आहेत, गाडी आहे आणि माणसासाठी डबा मात्र नाही, ही स्थिती धोरणाने निर्माण केलेली आहे.

आपल्याला या कथेत परके वाटण्याचे कारण नाही. अर्जेंटिनाच्या ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर आहे, आणि तीच आपलीही आहे. दोन्हीकडे ब्रिटिश भांडवल होते. त्यावरचा नफा मायदेशी जातो, ही दादाभाई नौरोजींची तक्रार सर्वश्रुत आहे. फरक पडला तो पुढे. येथे एकच शासन, विशाल अंतर्गत बाजारपेठ आणि प्रवाशाला वगळून रेल्वे चालविता येणार नाही ही जाणीव होती. मालवाहतुकीच्या उत्पन्नातून उतारूंचा तोटा भरून काढण्याच्या आपल्या रीतीचे दोष आहेत. महाग भाड्यामुळे माल रस्त्याकडे वळतो. ते दोष दुरुस्त करावेत. परंतु प्रत्येक गाडीने आपला खर्च आपणच भागवावा, हा नियम केल्यास काय उरते, ते वर वर्णिलेल्या प्रवासावरून दिसते.

मेक्सिकोने २०२३ पासून युकातान द्वीपकल्पात प्रवासी गाड्या पुन्हा सुरू केल्या. जंगलाच्या व भूमिगत जलकुंडांच्या हानीमुळे त्या प्रकल्पावर योग्य ती टीकाही झाली. उखडलेली रेल्वे पुन्हा उभारण्याचा खर्च पैशाचा असतो, तसाच निसर्गाचाही. ती टिकविणे त्याहून स्वस्त पडले असते.