तीन मिनिटांचा डाव

गेल्या पावसाळ्यात परदेशीपुऱ्यातील एका परिचितांच्या घरी आम्ही सहज म्हणून गेलो असता एक लहानसा खटला आमच्यापुढे निवाड्यासाठी ठेवण्यात आला. आरोपी आमच्याच शाळेच्या नववीतील एक विद्यार्थी. फिर्यादी त्याची आई. आणि साक्षीला ओटल्यावर बसलेले त्याचे आजोबा, ज्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे मालवा मिलमध्ये गेली. मुद्देमाल म्हणून एक मोबाइल फोन हजर करण्यात आला. आरोप असा की, मुलगा रात्री बारा-बारापर्यंत त्यावर बुद्धिबळ खेळतो.

"सर, खेळ वाईट नाही म्हणता, मग ओरडायचं तरी कसं?" आई म्हणाल्या. आजोबांची साक्ष अधिक झोंबणारी होती. "आमच्या वेळी एक डाव दुपारी मांडला तर दिवेलागणीपर्यंत चाले. हा पठ्ठ्या चहा उकळेस्तोवर चार डाव हरतो!"

आरोपीने खाली मान घालून एवढेच सांगितले की, तीन-तीन मिनिटांचे डाव असतात, आणि गेलेले मानांकन आपण दुसऱ्या दिवशी परत मिळवतो.

आम्ही निवाडा आठ दिवस राखून ठेवला. मुलाने एका शनिवारच्या संध्याकाळी खेळलेले वीस डाव आम्हांस दाखवावेत, एवढी अट मात्र घातली. फोनची एक गोष्ट चांगली की, तो काहीही विसरत नाही; हरलेल्या माणसाला विसरावेसे वाटते तेही तो जपून ठेवतो.

आता हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही, म्हणूनच आम्ही तो वार्षिकाच्या पानांवर आणीत आहोत. पाटनीपुऱ्यापासून नंदानगरपर्यंत कोणत्याही गल्लीत पाहावे, संध्याकाळी मुले फोनवर वाकलेली दिसतात, आणि त्यांतली काही खरोखरच बुद्धिबळ खेळत असतात. पालकांपैकी काही जण फोन हिसकावून घेतात; काही जण 'निदान डोके तरी चालवतो आहे' म्हणून समाधान मानतात. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात. पडद्यावरचा खेळ हा खोटा खेळ नव्हे. परंतु त्यात एक उणीव आहे, ती ओळखल्यावाचून खेळणारा पुढे जात नाही. हे पटवून देण्यासाठी आम्ही दूरचे नव्हे, आपल्याच भाषेच्या मुलखातले उदाहरण घेतो.

नाशिकचे विदित गुजराथी हे जितके पटावरचे, तितकेच पडद्यावरचेही खेळाडू आहेत. त्यांचा जन्म १९९४ चा. २००८ साली चौदा वर्षांखालील जगज्जेतेपद त्यांनी मिळवले, २०१३ साली ते ग्रँडमास्टर झाले, आणि २०१७ साली त्यांनी २७०० मानांकनाचा टप्पा ओलांडला. आनंद, शशिकिरण आणि हरिकृष्ण यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते चौथे भारतीय होत. २०२० साली महामारीमुळे सारा देश घरात कोंडला गेला, तेव्हा विनोदी कलावंतांना समोर घेऊन, हसत-खेळत, त्यांनी पडद्यावरून जे डाव खेळून दाखवले, त्यांमुळे कितीतरी घरांतून माळ्यावरचा पट खाली आला. तो आरोपी विद्यार्थीही त्याच वाटेने या खेळाकडे आला आहे, असे त्याने आम्हांस नंतर सांगितले.

त्यांच्या खेळाचा विशेष कोणता, असे विचाराल तर आम्ही टोरंटो येथील एका डावाकडे बोट दाखवू. एप्रिल २०२४ मध्ये तेथे आठ खेळाडूंची कँडिडेट्स स्पर्धा झाली. जगज्जेत्याला आव्हान कोणी द्यावे, हे तीत ठरते. दुसऱ्याच फेरीत गुजराथींची गाठ अमेरिकेच्या हिकारू नाकामुरा यांच्याशी पडली. हे नाकामुरा म्हणजे पडद्यावरच्या अतिजलद खेळातील मोठे नाव. शिवाय त्या वेळी ते पारंपरिक पद्धतीच्या ४७ डावांत अपराजित होते. गुजराथींकडे काळी मोहरी होती. अकराव्या चालीला त्यांनी पांढऱ्या राजाच्या तटबंदीतील एक प्यादे मारून त्यापायी आपला उंट सरळ देऊन टाकला! असली चाल पटावर बसल्यावर एकाएकी स्फुरत नाही. तिच्यामागे घरी घालवलेल्या रात्री असतात, आणि ऐन वेळी ती करून टाकण्याचे धाडसही लागते. तो डाव गुजराथींनी जिंकला, आणि परतीच्या फेरीतही नाकामुरांना हरवले. चौदा फेऱ्यांच्या त्या स्पर्धेत नाकामुरा दोनच डाव हरले, व ते दोन्ही गुजराथींकडून. अवघ्या अर्ध्या गुणाने ते गुकेश यांच्या मागे राहिले, आणि गुकेश पुढे त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिंगापूर येथे जगज्जेते झाले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या दोन डावांचे मोल कळते.

मग असा खेळाडू त्या स्पर्धेत कितवा आला? सहावा. चौदांपैकी सहा गुण.

नाशिकच्या ग्रँडमास्टरांना परदेशीपुऱ्यातून उपदेश करण्याचा आमचा अधिकार कितपत, हे वाचकांनीच ठरवावे; परंतु निकालपत्रक कोणालाही वाचता येते. २०२३ च्या बाकू येथील विश्वचषकातही हेच घडले होते. दोनदा जगज्जेतेपदासाठी लढलेल्या नेपोम्नियाश्ची यांना गुजराथींनी तेथे जलद डावांत बाद केले, आणि लगेच पुढल्या फेरीत, मानांकनाने आपल्याहून बऱ्याच खाली असलेल्या अबासोव यांच्याकडून ते जलद डावांतच हरले. बलाढ्य प्रतिस्पर्धी समोर आला की त्यांची बुद्धी उसळून येते. परंतु ती उंची दिवसामागून दिवस टिकवणे, ही त्यांच्या सुधारणेची जागा आहे, असे आमचे नम्र मत आहे. घाटाचा चढ दमदारपणे चढणारा माणूस पुढच्या पठारावर रेंगाळावा, तसे काहीसे हे होते.

एवढ्यावर आम्ही थांबलो तर मात्र त्यांच्यावर अन्याय होईल. कारण आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची २०२३ च्या अखेरीची कामगिरी. आयल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धेत पहिल्याच फेरीत ते हरले. अकरा फेऱ्यांची स्पर्धा, जगातील नामांकित खेळाडूंचा मेळा, आणि आरंभीच पदरी शून्य! उरलेल्या दहा डावांत त्यांनी साडेआठ गुण मिळवले आणि स्पर्धा जिंकली. टोरंटोचे दार त्यांना उघडले ते याच विजयाने.

येथे आमचा मुद्दा येतो. त्या स्पर्धेत दिवसाला एकच डाव असे. पहिला डाव हरल्यावर दुसरा डाव सुरू होईपर्यंत मध्ये एक अख्खी रात्र होती. माणूस त्या रात्री चरफडतो, जेवतो किंवा जेवत नाही, चाल कोठे चुकली ते पुन्हा पुन्हा पाहतो आणि झोपतो. सकाळी उठतो तेव्हा तो पराभव त्याच्या हाती काहीतरी देऊन गेलेला असतो. फोनवरच्या डावात ही रात्र नाही. तेथे शह आणि मात झाल्याबरोबर 'नवा डाव' असे एक बटण येते, आणि बोट आपोआप त्यावर पडते. पराभवाचा राग ताजा असतानाच पुढला डाव सुरू होतो, म्हणून तोही जातो.

हिशेबच करून पाहू. टोरंटोत पहिल्या चाळीस चालींसाठी प्रत्येकाला दोन तास होते. म्हणजे एका चालीला सरासरी तीन मिनिटे. आमच्या विद्यार्थ्याला तेवढी तीन मिनिटे संपूर्ण डावासाठी मिळतात. चाळीस चाली झाल्या तर एका चालीला साडेचार सेकंद! एवढ्या वेळात जे आधीपासून ठाऊक आहे ते आठवते. नवे काही सुचायला सवड मिळत नाही. अतिजलद खेळाने नजर चपळ होते, सापळे ओळखीचे होतात, सुरुवातीच्या चाली तोंडपाठ होतात, हे आम्ही मान्य करतो. किंबहुना आधी शिकलेले धार लावून ठेवण्यास तो उत्तम आहे. पण धार लावण्यासाठी आधी पाते हवे.

पडद्यावर खेळलेला डाव म्हणजे पोरखेळ, असे यावरून कोणी समजू नये. ऑगस्ट २०२० मध्ये बुद्धिबळाचे ऑलिंपियाड प्रथमच आंतरजालावर भरले. संघात दोन पुरुष, दोन स्त्रिया आणि विशीच्या आतील एक मुलगा व एक मुलगी अशी सहा पटांची रचना होती, आणि भारताचे कर्णधार होते विदित गुजराथी. प्रत्येकास पंधरा मिनिटे, व दर चालीस पाच सेकंद अधिक. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना झाला. पहिला भाग ३-३ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या भागात जगभर ठिकठिकाणी आंतरजाल कोलमडले, निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला, घड्याळे मात्र चालत राहिली, आणि ते डाव वेळेवर गेले. शेवटी दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले.

दिव्या तेव्हा चौदा वर्षांची होती. जुलै २०२५ मध्ये, जॉर्जियातील बटुमी येथे, ती महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यास बसली. समोर होत्या त्याच ऑलिंपियाडमधील तिच्या ज्येष्ठ सहकारी कोनेरू हम्पी. पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, आणि जलद डावांत दिव्याने चषक जिंकला. ग्रँडमास्टर हा किताबही तिला त्याच विजयाने मिळाला. दोन दिवस संथ खेळात बरोबरीने टिकल्यावाचून तिसऱ्या दिवशीच्या चपळाईला वाव मिळत नाही, एवढे आमच्या मुलींनी आणि मुलांनी त्यातून पाहावे.

आता आमच्या आरोपीकडे वळू. ठरल्याप्रमाणे वीस डाव आम्ही, तो आणि त्याचे आजोबा यांनी मिळून लाकडी पटावर पुन्हा मांडले. त्यास दोन रविवार लागले. आठ डाव तो जिंकला होता, बारा हरला होता. मुलगा घोडा फार चांगला चालवतो. एकाच वेळी राजा आणि हत्ती यांवर घोडा घालून हत्ती मारण्याची संधी तो सहसा दवडत नाही. हल्ला करण्याची त्याला आवड आहे आणि भीती नाही. परंतु वजीर तो फार लवकर बाहेर काढतो. प्रतिस्पर्ध्याने नुकतीच केलेली चाल 'ही का केली' असे न विचारता आपलेच घोडे पुढे दामटतो. पट रिकामा होत आला, थोडी प्यादी उरली, की राजाला बाहेर काढून कामास लावायचे असते, हे त्याच्या गावीही नव्हते. त्याचा राजा शेवटपर्यंत कोपऱ्यात दडून बसे.

आणि मग जे दिसले ते पाहून मुलगाच गप्प झाला. हरलेल्या बारांपैकी सात डावांत तो एखाद्या मोहऱ्याने पुढे होता. त्याहून बोलके म्हणजे, शेवटचे पाच पराभव एकामागून एक, अर्ध्या तासाच्या आत झाले होते. सहाव्या वेळी फोन आईने काढून घेतला म्हणून सहावा पराभव टळला.

निवाडा आम्ही असा दिला. फोन जप्त होणार नाही. डाव दिवसाला दोन, आणि तीन मिनिटांचे नव्हेत, पंधरा मिनिटांचे. जे ऑलिंपियाडला चालले ते परदेशीपुऱ्यालाही चालावे. डाव हरला तर 'नवा डाव' हे बटण त्या दिवशी बंद. हरलेला डाव हाताने वहीत उतरवायचा, आणि कोणत्या चालीला आपण चुकलो ते स्वतःच्या शब्दांत लिहायचे. संगणकाचे मत त्यानंतर पाहायचे, आधी नाही. काही मुले डाव चालू असतानाच दुसऱ्या फोनवर संगणकाला चाल विचारतात, असेही आमच्या कानी आले आहे. त्यांचा खटला आमच्यापुढे आला तर आम्ही इतके मवाळ राहणार नाही.

आईंनी एक हरकत घेतली. "सर, ह्याच्या इतिहासाच्या वहीत चार पानं लिहिलेली नाहीत, आणि बुद्धिबळाची वही भरायची?" हरकत रास्त होती. इतिहासाची वही आधी, असे कलम निवाड्यात जोडण्यात आले.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या घरावरून गेलो. ओटल्यावर पट मांडलेला होता. एकीकडे आजोबा, दुसरीकडे नातू. मुलाने वजीर उचलला, थबकला, आणि हळूच परत होता तेथे ठेवू लागला. फोनवर बोट मागे घेता येते, ती सवय.

"हात लावलास," आजोबा म्हणाले, "आता चाल."