कट्यार कुणाची?

बालाघाटला जायचा योग आला तो लग्नाच्या निमित्तानं. मेहुणीचं सासर तिथलं. गोव्याहून निघायचं, नागपूर गाठायचं, पुढे गोंदिया, आणि तिथून वैनगंगेच्या काठानं मध्य प्रदेशात शिरायचं. लांबचा पल्ला आहे, पण पोचल्यावर घरात शुद्ध नागपुरी मराठी ऐकू आली आणि प्रवासाचा शीण उतरला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती हे आपण विसरलो आहोत. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी एका रात्रीत भोपाळला गेली. माणसं मात्र होती तिथंच राहिली.

त्या घरातले बापूजी (सगळे त्यांना बापूजीच म्हणतात, म्हणून मीही) 'कट्यार काळजात घुसली'चे भक्त. नागपुरात घेतलेली कॅसेट ते गोंदियाहून छोट्या लाईनच्या गाडीनं घरी घेऊन आले होते. ती कॅसेट अजून कपाटात आहे, वाजत नाही तरी. त्यांचा नातू २०१५ च्या सिनेमातली गाणी मोबाईलवर ऐकतो. हळदीच्या रात्री गाण्यांचा विषय निघाला आणि आजोबा-नातवाची जुंपली. आजोबांचं म्हणणं, वसंतरावांपुढे बाकी सगळं फिकं. नातू म्हणतो, तुमच्या टेपमध्ये आवाजापेक्षा खरखर जास्त.

इथवर सगळं घरोघरी चालतं तसंच. पण त्या बैठकीत पुण्याहून आलेले एक पाहुणे होते, आणि त्यांनी दोघांनाही एकाच वाक्यात निकालात काढलं. म्हणाले, "कट्यार ऐकायची नसते, बघायची असते. रेकॉर्डवर काय आहे? सांगाडा!"

बापूजी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "आम्ही नाटक पाह्यलंच कुठी जी? आमच्यापर्यंत आली ती टेपच."

मंडळी, हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे.

पाहुण्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे आधी मान्य करून टाकतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक २४ डिसेंबर १९६७ रोजी 'नाट्यसंपदा'नं रंगभूमीवर आणलं. गाणं हेच त्याचं कथानक. 'घेई छंद'चे तेच शब्द पंडितजींच्या गायकीत एक होतात आणि खाँसाहेबांच्या गायकीत दुसरेच होऊन बसतात. आधीचं भांडण माहीत नसेल तर तो फरक नुसता लयीचा वाटतो. वसंतराव प्रत्येक प्रयोगात वेगळे गात. रेकॉर्डनं त्यातली एक रात्र पकडली आणि बाकीच्या सोडून दिल्या. आज कुणी नवा गायक खाँसाहेब झाला आणि त्यानं एखादी तान वेगळी घेतली, तर श्रोते कपाळाला आठ्या घालतात. वसंतरावांची मोकळीक वसंतरावांच्याच रेकॉर्डनं पुढच्यांसाठी बंद केली, ही तक्रार खरी आहे. फक्त त्यात दोष तबकडीचा नाही, आठ्या घालणाऱ्यांचा आहे.

पण 'सांगाडा'? हा शब्द मला गोव्याचा माणूस म्हणूनही टोचला. मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले. मंगेशीच्या या माणसाचा आवाज आज आपल्याला कशामुळे ठाऊक आहे? तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांमुळेच ना? केरीच्या केसरबाई ध्वनिमुद्रणावर किती नाखूष असायच्या ते सर्वश्रुत आहे. तरी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली ती त्यांची साडेतीन मिनिटांचीच भैरवी. तिला सांगाडा म्हणणार का?

आणि ज्या संगीताबद्दल हा तोरा मिरवला जातो, ते केलं कुणी? मंगेशीच्याच जितेंद्र अभिषेकींनी. 'गोवा हिंदू असोसिएशन'च्या 'मत्स्यगंधा'पासून, म्हणजे १९६४ पासून, त्यांनी नाट्यपदाचा पसारा आवरता घेतला. रात्रभर वन्समोअरवर चालणारी पदं त्यांनी मोजक्या वेळात बसवली. त्यांची चाल तबकडीवर मावते ती काही कापून मावत नाही. तिचा घाटच आटोपशीर आहे. अर्थात 'सुरत पिया की' याला अपवाद. रंगमंचावर तिचा जो विस्तार होई, तो कुठल्याही कॅसेटला पेलणारा नाही, तिथे पाहुणे जिंकले.

खरी गंमत पुढेच आहे. हे नाटक घराण्याच्या अहंकारावर. दोन घराणी, एक कट्यार, त्या कट्यारीला एक खून माफ. आणि रचणारे-गाणारे कोण? अभिषेकी शिकले गिरिजाबाई केळेकरांकडे, अझमत हुसेन खाँकडे, जगन्नाथबुवा पुरोहितांकडे. वसंतराव नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे, मग सुरेशबाबू मान्यांकडे, अमान अली खाँकडे, थेट लाहोरला असद अली खाँकडे. दोघांनीही एका दारात बसून विद्या घेतली नाही. आणि आपण त्यांच्या नावानं नवं घराणं काढून बसलो आहोत, 'प्रत्यक्ष पाहिलेल्यांचं घराणं'. नातवाच्या सिनेमाबद्दलही तेच. खाँसाहेबांची गाणी गायलाय राहुल देशपांडे, वसंतरावांचा नातू. 'अरुणि किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला महेश काळेंना, अभिषेकींच्या शिष्याला. घरातली माणसं नवं गाताहेत आणि शुद्धतेची राखण शेजारी करताहेत! (शंकर-एहसान-लॉयच्या नव्या चालींत वाद्यांची गर्दी मला स्वतःला जास्त वाटते. पण ती आवड झाली, पुरावा नव्हे.)

त्या घरात एक मुलगी आहे, बापूजींची नात. ती त्या टेपवरून गाणं शिकली. बटण दाबायचं, मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं. मोठ्या शहरातल्या एका स्पर्धेत ती गेली तेव्हा परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं: "कॅसेटवरून बसवलेलं गाणं." गुण कापले. कोण परीक्षक, कुठली स्पर्धा, ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तिनं त्यानंतर दोन वर्षं तंबोऱ्याला हात लावला नाही, असं तिच्या आईनं सांगितलं.

आता नाटकातला सदाशिव आठवा. त्याला खाँसाहेबांची विद्या हवी आहे आणि समोर बसून शिकवणारं कुणी नाही. मग तो काय करतो? हवेलीत चाकर म्हणून राहतो आणि कान देऊन, चोरून शिकतो. आपण त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो, डोळे पुसतो. मूळ प्रयोगात ही भूमिका आमच्या गोव्याच्या प्रसाद सावकारांनी केली. तोच सदाशिव बालाघाटहून टेपरेकॉर्डर घेऊन आला, तर आपण गुण कापतो.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसानं भाषा टिकवावी, अशी भाषणं आपण संमेलनांत करतो. तो ती कशावर टिकवणार? नाटक कंपनी त्याच्या गावाला जात नाही. ट्रक, नेपथ्य, वादक, मुक्काम, सगळं परवडायला हवं, हे मला समजतं. पण मग जी वस्तू त्याच्यापर्यंत पोचली तिला तरी सांगाडा म्हणू नका. प्रयोग पाहिला हे तुमचं भाग्य. त्यात तुमचं कर्तृत्व एका तिकिटाएवढं.

हे सगळं मी त्या रात्री बोललो नाही, पाहुण्यांचा मान होता. दुसऱ्या दिवशी मात्र नातवाला म्हटलं, ती कॅसेट दे, पणजीला माझ्या ओळखीचा एकजण जुन्या फिती साफ करून काँप्युटरवर घेतो. बापूजींनी ती रुमालात गुंडाळून दिली. म्हणाले, "दुसरी बाजू आधी करा जी. पहिली लय झिजली आहे."