झोपण्याआधी डिस्कवर लिहा : सी-डॅकला खुले पत्र

प्रति,
महासंचालक,
सी-डॅक, पुणे

विषय : ‘बॉस’ लिनक्समध्ये संगणक स्लीपमध्ये जाताना डेटा डिस्कवर उतरवण्याबाबत

महोदय,

सांगवीत घराच्या पुढच्या खोलीत संगणक मांडून पोट भरणारे बरेच आहेत. कोणी भोसरीच्या वर्कशॉपची चलने आणि बिले करतो, कोणी जीएसटीचे रिटर्न भरतो, कोणी ड्रॉइंग काढतो. जेवायला उठताना मशीन कोणी बंद करत नाही, स्लीपला टाकतात. प्रत्येकाकडे यूपीएस नसतो. असला तरी बॅटरी दमलेली. आणि गुरुवारची वीजबंदी तर या पट्ट्याच्या पाचवीला पुजलेली.

सेव्ह दाबले की फाइल लगेच डिस्कवर जातेच असे नाही. लिनक्स ती आधी रॅममध्ये ठेवते. नेहमीच्या मांडणीत असा डेटा 30 सेकंद जुना झाला की लिहायला घेते. स्लीपमध्ये रॅमला तेवढी वीज मिळत राहते. तीही गेली, की रॅममधले सगळे पुसले जाते. बदलांची नोंद (जर्नल) ठेवणारी फाइल सिस्टीम पुन्हा उभी राहील, पण डिस्कवर पोचलेच नाही ते बिल ती कुठून आणणार? पेन ड्राइव्हचेही तेच. सीएनसीचा प्रोग्रॅम कॉपी करताना पट्टी पूर्ण भरलेली दिसते, पण ड्राइव्हचा दिवा लुकलुकतच असतो.

म्हणूनच लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मशीन झोपण्याआधी सिंक करतो, म्हणजे राहिलेले सगळे डिस्कवर उतरवतो. 2020 मध्ये आलेल्या 5.6 कर्नलपासून ‘सिंक-ऑन-सस्पेंड’ या फाइलमध्ये 1 लिहिले की सिंक होते, 0 लिहिले की होत नाही. ही सोय उगाच आलेली नाही. एन्क्रिप्टेड डिस्क आधीच कुलूपबंद केली असेल तर सिंक अडकून पडते. सतत झोपणाऱ्या-उठणाऱ्या उपकरणांना त्याचा वेळ परवडत नाही. पण बिले करणाऱ्याच्या डेस्कटॉपसाठी 1 हेच उत्तर आहे.

‘बॉस’ ही आपल्या भाषांत चालणारी, आपल्या संस्थेने घडवलेली प्रणाली. म्हणून तीन मागण्या :

1. सर्वसाधारण वापराच्या प्रत्येक आवृत्तीत हे मूल्य मुळात 1 च राहील, हे लेखी जाहीर करावे.
2. पॉवर सेटिंगमध्ये त्याचे बटण मराठीत द्यावे. बंद करणाऱ्याला ‘वीज गेल्यास नुकतेच केलेले काम जाऊ शकते’ असे स्पष्ट दिसावे.
3. सिंक म्हणजे सेव्ह नव्हे, हेही तिथेच सांगावे. न साठवलेले पत्र कुठलेही सिंक वाचवत नाही.

यासाठी नवे संशोधन लागत नाही. कर्नलमध्ये सोय तयार आहे. ती सामान्य माणसाच्या हाताला लागेल अशी मांडायची आहे. पुढच्या आवृत्तीबरोबरच्या माहितीत हा बदल मराठीत वाचायला मिळावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
सांगवीतील एक संगणक दुरुस्ती कारागीर