दिवाळे काढण्याआधी थोडे थांबा

विरार पूर्वेच्या एका भगिनीने गेल्या महिन्यात आम्हाला गाठले. मुलगा बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय. दोन वर्षांपूर्वी अब्बांचे दुकान बसले तेव्हा घर चालवण्यासाठी मुलाच्या नावावर मोबाइल अ‍ॅपमधून कर्ज उचलले आणि हप्ते थकले. आता कोणीतरी सल्ला दिला आहे, कोर्टात दिवाळे जाहीर करा, सुटका होईल. करावे का?

आम्ही त्यांना म्हटले, बाई, आधी थांबा.

विरारला दिवाळखोरीसाठी आजही इंग्रजांच्या काळातला १९२०चा प्रांतिक कायदा लागतो. मुंबईचा वेगळा, १९०९चा. लोकल एक, कायदे दोन! नव्या २०१६च्या संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग अजून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच सुरू झाला आहे. जुन्या कायद्याने अवघ्या ५०० रुपयांच्या कर्जावरही अर्ज करता येतो, म्हणून लोकांना तो सोपा वाटतो.

पण १९४९च्या बँकिंग नियमन कायद्याचे कलम १० वाचा. जो दिवाळखोर ठरला आहे, किंवा पूर्वी कधीही ठरला होता, त्याला बँकेने नोकरीत ठेवायचे नाही. हा ‘कधीही’ फार जड आहे. पुढे कोर्टाने मुक्त केले तरी तो पुसला जात नाही. धनकोंशी तडजोड करून सुटलेल्यांचाही त्याच कलमात उल्लेख आहे. सरकारी नोकराला तर सेवानियमच सांगतात की सतत कर्जात राहू नये. आणि दिवाळखोरीतून मुक्त न झालेल्या माणसाला आमदार-खासदार होता येत नाही, हे राज्यघटनेतच आहे.

दिवाळे न काढताही दार बंद होते. स्टेट बँकेने एका निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक सिबिलच्या नोंदी पाहून रद्द केली. जाहिरात निघेपर्यंत सारे कर्ज फेडले होते, असे त्याचे म्हणणे होते. तरीही जून २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचीच बाजू उचलून धरली. जनतेचा पैसा हाताळणाऱ्याला स्वतःच्या पैशाची शिस्त हवी, असा एकंदर सूर. आम्हाला हे कठोर वाटते. गरिबाचा हप्ता चुकतो तो बहुधा बेशिस्तीने नव्हे, आजारपणाने किंवा धंदा बुडाल्याने. पण फॉर्म भरणाऱ्या मुलाला आमच्या वाटण्याचा काय उपयोग?

म्हणून मुलांच्या नावावर घरचे कर्ज काढू नका. वसुलीवाला ‘सेटलमेंट करा, निम्मे भरा’ म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. अहवालात ते खाते ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’ म्हणून दिसते. पूर्ण फेडा आणि देणे बाकी नसल्याचा दाखला घ्या. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

त्या भगिनीने अहवाल काढला. तीनपैकी एक कर्ज आधीच फिटलेले, तरी थकीत दिसत होते. तक्रार गेली आहे. उरलेल्या दोन कर्जांचे पैसे मुलाच्या मामूंनी दिले, बिनव्याजी. रक्कम आणि परतीची मुदत कागदावर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन तो कागद कपाटात ठेवला आहे.