दुखणेकऱ्याची वही

कोलकात्यातलं एसएसकेएम म्हणजे गावाच्या तोंडी ‘पीजी’. या रुग्णालयाच्या आवारात रोनाल्ड रॉस यांचं स्मारक आहे. पक्ष्यांच्या हिवतापाचे जंतू डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोचतात, हे त्यांनी १८९८ मध्ये इथल्याच प्रयोगशाळेत पाहिलं. आदल्या वर्षी निलगिरीतल्या सिगूर घाटात त्यांना स्वतःलाच हिवताप झाला होता. तापलेल्या माणसानेच तापाचा माग काढला, ही गोष्ट सांगायला झकास. पण रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. सूक्ष्मदर्शक हाताशी, शब्दाला वजन. ज्याच्या रक्तावर सिकंदराबादला त्यांनी डास पोसले, त्या हुसेन खानला डासामागे एक आणा मिळत असे. त्याला कसं वाटत होतं, हे कोणी लिहून ठेवलं नाही.

हुसेन खानच्या जागचा माणूस स्वतःच मोजायला लागला तर?

अमेरिकेतल्या रिचर्ड बर्नस्टाइन यांना १९४६ मध्ये, बाराव्या वर्षी मधुमेह झाला. पुढे ते इंजिनिअर झाले. त्या काळी साखर पाहायची ती लघवीत. म्हणजे चोर पळून गेल्यावर पंचनामा. १९६९ मध्ये एका जाहिरातीत त्यांना रक्ताच्या थेंबावरून साखर सांगणारं यंत्र दिसलं. वजन जवळजवळ दीड किलो, किंमत ६५० डॉलर. रात्री बेशुद्ध आणलेला माणूस दारू प्यायलाय की मधुमेही आहे, हे रुग्णालयाला कळावं म्हणून ते होतं. रुग्णाला विकतच नसत! बायको डॉक्टर होती म्हणून निभावलं. तिच्या नावावर यंत्र मागवलं.

मग दिवसातून पाच-सहा वेळा बोट टोचायचं, आकडा लिहायचा, त्यावरून जेवण आणि इन्सुलिन थोडंथोडं बदलायचं. तब्येत सुधारली. त्यावर लिहिलेला लेख वैद्यकीय नियतकालिकांनी परत पाठवला. तेव्हा हे गृहस्थ पंचेचाळिसाव्या वर्षी मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि १९८३ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडले. गेल्या काही वर्षांत घरोघरी आलेलं ग्लुकोमीटर हे त्यांच्यासारख्यांच्या हट्टाचं फळ.

संपादकांचंही अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. एकाला मानवलं ते दहांना मानवेलच असं नाही. बर्नस्टाइन यांच्या कडक पथ्यावर डॉक्टरांचे आजही मतभेद आहेत. चूक झाली ती पुढे. एकाचा अनुभव अपुरा वाटला, तर दहांवर तपासायला हवा होता.

मधुमेही असलेल्या डेना लुईस यांच्या बाबतीत तसं झालं. रात्री साखर उतरली की वाजणारा गजर त्यांना जागं करीना, म्हणून त्यांनी घरच्या घरी तो मोठा करून घेतला. त्यातून यंत्रानेच इन्सुलिन कमीजास्त करावं अशी प्रणाली उभी राहिली आणि २०१५ मध्ये तिची रचना सर्वांसाठी खुली झाली. त्याच गणितावरच्या प्रणालीची न्यूझीलंडमध्ये ९७ जणांवर रीतसर चाचणी झाली. निष्कर्ष २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. साखर योग्य पट्ट्यात राहण्याचा वेळ वाढला होता.

आपल्या ओपीडीत पेशंटने वही काढली की ‘ते राहू द्या, रिपोर्ट दाखवा’ असं ऐकू येतं. बाहेरची रांग पाहता ते समजतंही. तरी वही न्याच. आकड्याशेजारी वेळ, जेवण आणि औषधाचा डोस लिहा. नुसता आकडा डॉक्टरांच्या उपयोगाचा नाही. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका.

– नाडीपरीक्षक